घटक ५ : हातातील काम आणि तोंडातील शब्द
(अमडापूर येथील गोधडीच्या आधारे हस्तकलेचे शिक्षण व बोलीतील शब्दसंपत्ती यांचा अभ्यास)

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• हस्तकलेची विशिष्ट शब्दसंपत्ती म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• अशा शब्दसंपत्तीचे प्रमाण भाषेतील, बोलीतील व परभाषेतून आलेले शब्द वेगळे काढता येतील.
• शिवणकामातील क्रियापदांच्या आधारे सकर्मक-अकर्मक रूपांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• कला शिकण्याची प्रक्रिया व तिची भाषा शिकण्याची प्रक्रिया यांचे परस्परनाते विशद करता येईल.
• स्वतःच्या गावातील एखाद्या हस्तकलेचे शब्द योग्य पद्धतीने संकलित करता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलींच्या सर्वेक्षणाची परंपरा पाहिली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वऱ्हाडीची नोंद झाली, हेही आपण अभ्यासले. अशा सर्वेक्षणांत अभ्यासक साधारणतः प्रश्न विचारतो आणि भाषक उत्तर देतो. ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ हा त्या पद्धतीतील प्रमुख प्रश्न होय. ही पद्धत उपयुक्त आहे; परंतु तिला मर्यादा आहेत. काही शब्द असे असतात की ते विचारून मिळत नाहीत, त्यांची गरज निर्माण झाली तरच ते बोलणाऱ्याच्या तोंडी येतात.

ही मर्यादा मला स्वतःला उशिरा उमगली. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात, खामगाव-चिखली रस्त्यावर अमडापूर हे गाव आहे. टेकडीवरील बल्लाळदेवीच्या देवळामुळे ते परिसरात ओळखले जाते. तेथे माझी मोठी काकू राहत असे. एका उन्हाळ्याच्या सुटीत गोधडीच्या शब्दांची यादी करावी, या हेतूने मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा माझ्याजवळ एक अर्धवट, वाकड्या टाक्यांची गोधडी होती आणि ज्याची मी अपेक्षाही केली नव्हती असा शब्दसंग्रह होता. या घटकात त्या अनुभवाचा आधार घेऊन आपण विषयाचे विवेचन करणार आहोत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ गोधडी : वस्तू आणि तिची नावे

जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून, ते हाताने धावदोरा घालून एकत्र शिवले की गोधडी तयार होते. वरचा व खालचा थर बहुधा जुन्या लुगड्याचा असतो. मध्ये धोतराचे तुकडे, जीर्ण कपडे व चिंध्या पसरतात. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा अधिक भरतो, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरतो. दोन तुकडे कडेला कड जोडून वरचा थर आणि उरलेले दोन जोडून खालचा थर होतो. एका लुगड्यात एका ऐसपैस गोधडीची दोन्ही अंगे बसतात, हा हिशेब आमच्या काकूला तोंडपाठ होता. मीटरचे माप तिने कधी वापरले नाही.

नावांचा विचार करता मराठीत ‘गोधडी’ व ‘वाकळ’ हे दोन शब्द विशेष प्रचलित आहेत. हिंदीतील ‘गुदडी’ व गुजरातीतील ‘गोदडी’ हे शब्द ‘गोधडी’शी नाते सांगतात. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द जोग्याच्या किंवा विरक्ताच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी मराठीतही आला आहे. बंगालमध्ये तोच ‘कांथा’ या रूपाने कलाप्रकाराचे नाव झाला. बिहारमध्ये ‘सुजनी’ आणि उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ ही नावे आढळतात. तंत्र जवळपास सारखे, पण नावे निरनिराळी. आमची काकू मात्र ‘वाकय’ म्हणत असे. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा – डोया, काळा – काया, गोळा – गोया. त्याच नियमाने ‘वाकळ’चे ‘वाकय’ झाले आहे.

५.३.२ वहीकडून सुईकडे

पहिल्या दिवशी मी ओसरीवर वही उघडून बसलो आणि प्रश्न विचारू लागलो. सुई, दोरा, टाका, गाठ, काठ, पदर, चिंधी, ठिगळ असे चौदा शब्द मिळाले आणि संभाषण संपले. काकू काही लपवीत नव्हती. तिला आणखी सांगण्यासारखे काही आठवतच नव्हते. शेवटी ती म्हणाली, “इचारून काय व्हते बाबू? घे सुई हाती.”

परंतु तिने मला लगेच सुई दिली नाही. पहिले दोन दिवस मला जुन्या लुगड्यांचे काठ आणि शिवणी सोडवण्याचे काम मिळाले. तेथे पहिला नवा शब्द आला : *उसवणे*. त्या लुगड्यांपैकी एकाच्या मधोमध आडवी जाड शिवण होती. ती काय, असे विचारल्यावर दुसरा शब्द मिळाला : *दंड*. लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग कापून काढीत आणि उरलेले दोन तुकडे जोडून ते पुन्हा नेसण्याजोगे करीत. त्या जोडाला दंड म्हणतात. पहिल्या दिवशीच्या प्रश्नावलीत हा शब्द मिळणे शक्य नव्हते. कारण अशी काही वस्तू असते, हेच मला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून मला सुया ओवून देण्याचे काम लागले. काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. “मले काई दिसत नाई, तूच ओव,” असे म्हणून ती सुई पुढे करी. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी आजीला सुई ओवून दिली असेल. सुईच्या छिद्राला *नेढे* म्हणतात, हा शब्द बहुतेकांना असाच मिळतो. दोरा दुपदरी करणे, त्याला मेण लावणे, शेवटी गाठ मारणे या क्रिया मला त्याच वेळी कळल्या. त्यानंतर थर जागचे हलू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालणे, म्हणजे *टाचणे*, आणि सर्वांत शेवटी *धावदोरा*.

हा क्रम यादृच्छिक नव्हे. ज्या कामात चूक झाली तरी नुकसान होत नाही, ते काम नवशिक्याला आधी मिळते. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांच्या हाताखालील उमेदवारांचा अभ्यास केला होता. तेथेही नवशिका प्रथम गुंड्या लावणे, कडा दुमडून शिवणे अशी शेवटची कामे करतो, मग शिवणकाम आणि सर्वांत अखेरीस कापडाची बेतणी शिकतो. कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही, हे त्यामागील उघड कारण होय. लेव्ह व एटियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निरीक्षणांवरून असा सिद्धांत मांडला की, शिकणारा प्रथम कामाच्या कडेला उभा राहतो, लहान पण खरीखुरी कामे करतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, शब्दही त्याच क्रमाने मिळतात. कामाच्या पायऱ्या आणि शब्दांच्या पायऱ्या एकच असतात.

चौथा शब्द मला चुकीतून मिळाला. धावदोरा सरळ व घट्ट यावा म्हणून मी प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढीत होतो. दोन दिवसांनी पाहिले तर कापड आक्रसून त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. काकूने डोळ्यांनी पाहिले नाही, तळहात फिरवला आणि म्हणाली, “दोरा वढू नोको, वाकय गोया व्हते. पाह्य, किती चुन्या पडल्या.” दोन दिवसांचे काम मी एका दुपारी उसवले. *चुणी* हा शब्द मला कोशातून ठाऊक होता. पण कापडावर चुणी कशामुळे पडते, ती बोटांना कशी लागते आणि सैल राहिलेल्या कापडाच्या *झोळा*हून ती कशी वेगळी, हे त्या दुपारी कळले. गोधडीचा धावदोरा कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत आत येतो. त्यामुळे कापडाचा सारा फुगवटा मध्यभागी साचण्याची भीती असते. आधीचे टाचणे नीट असले आणि दोरा सैलसर असला तरच मधला भाग सपाट राहतो. ‘दोरा वढू नोको’ या साध्या वाक्यात हे सर्व तंत्र सामावले आहे.

५.३.३ रोजच्या घडामोडी आणि कामाची घडण

हे शिक्षण कोणत्याही वर्गात चालले नव्हते. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असतात, म्हणून वाकळ उन्हाळ्यात शिवायची, हा तेथील रिवाज. पण उन्हाळा म्हणजे वाळवणांचाही काळ. गच्चीवर कुरडया व पापड वाळत असत. आभाळ भरून आले की आम्ही सर्व सोडून वर धावत असू. “नळ आले!” अशी हाक ऐकू आली की अर्धा तास घरातील प्रत्येक भांडे भरण्यात जाई. वीज गेली की पंखा बंद पडे आणि घामाने सुई बोटांत ठरत नसे. शेजारची मुलगी विरजण मागायला येई. दारात आलेली शेळी एकदा दोऱ्याचे टोक चघळत उभी राहिली होती. एका बैठकीत सलग तासभर काम झाल्याचे मला आठवत नाही.

प्रारंभी मला हे व्यत्यय वाटत. काही दिवसांनी ध्यानात आले की, गोधडीचे तंत्रच अशा जगण्यासाठी घडलेले आहे. दोरा हातभर किंवा दीड हात एवढाच घ्यायचा. अधिक लांब घेतला तर गुंता होतो. तेवढा दोरा काही मिनिटांत संपतो आणि उठण्याची जागा आपोआप मिळते. धावदोरा कोठेही थांबवला तरी झालेले काम टिकते. उठताना सुई वरून दिसेल अशी काठात *खोवून* ठेवायची, म्हणजे लहान मुलांना इजा होत नाही आणि परतल्यावर शोधावी लागत नाही. हा नियम मला पहिल्यांदा नळ आले त्या वेळी कळला. ‘खोवणे’ हे क्रियापदही तेव्हाच वहीत आले. त्या दिवशी नळ आले नसते, तर ते आले नसते.

येथे शिक्षणाच्या इतिहासातील एका घटनेचे स्मरण उचित ठरेल. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्या ठरावांत सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासोबत दोन तत्त्वे मान्य झाली : शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे आणि शिक्षणाच्या केंद्रस्थानी एखादे उत्पादक हस्तकाम असावे. पुढे डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला आणि ही योजना ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. मातृभाषा आणि हस्तकाम यांचा एकत्र विचार झाला, ही बाब भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. हाताने काम करताना मूल ज्या भाषेत विचार करते, ती त्याच्या घरची भाषा असते.

आपणही नोकरी, शेती, घर सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. ही पुस्तिका छोट्या घटकांत विभागलेली आहे ती त्याचसाठी. हातभर दोरा संपेपर्यंत बसावे, सुई खोवून उठावे, परत येऊन तेथूनच पुढे जावे. प्रौढ विद्यार्थ्याचा अभ्यास याहून फारसा निराळा नसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) वऱ्हाडीत ‘वाकळ’चे ‘वाकय’ कोणत्या ध्वनिनियमाने होते? आणखी दोन उदाहरणे द्या.
(आ) ‘दंड’ हा शब्द प्रश्नावलीतून मिळणे का शक्य नव्हते?

५.३.४ शब्दसंपत्तीचे स्तर

अमडापूर येथे मिळालेल्या शब्दांचे वर्गीकरण केले असता पुढील स्तर दिसतात.

*(१) परंपरेने आलेले शब्द :* सूची – सुई, सूत्र – सूत, सीवन – शिवण, कर्तरी – कातर. हे शब्द संस्कृतातून प्राकृतामार्गे मराठीत आले. साधन आणि मूलभूत क्रिया यांची नावे बहुधा या स्तरात आढळतात.

*(२) परभाषेतून आलेले शब्द :* अस्तर व अंगुस्तान हे फारसीतून आलेले शब्द होत. रफू हाही त्याच वाटेने आला. काज हा पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेला शब्द. बेतून शिवलेल्या कपड्याचा व्यवसाय जसा वाढला तसे हे शब्द स्थिरावले. लक्षणीय गोष्ट अशी की, गोधडीच्या कामात काज लागत नाही आणि आमची काकू अंगुस्तानही वापरीत नसे. म्हणून हे दोन शब्द मला तिच्या तोंडून नव्हे, तर गावातील शिंप्याच्या दुकानात ऐकायला मिळाले. एकाच गावात घरची शिवण आणि दुकानातील शिवण यांची शब्दसंपत्ती वेगळी असू शकते.

*(३) बोलीरूपे :* वाकय, गोया, चुन्या, वढणे, इचारणे. यांत ‘ळ’चा ‘य’, ‘ण’चा ‘न’, आरंभीच्या ‘ओ’चा ‘व’ आणि ‘वि’चा ‘इ’ हे वऱ्हाडीचे ध्वनिविशेष दिसतात. ‘मला’ऐवजी ‘मले’ हे विभक्तिरूप आपण वरील संवादात पाहिलेच.

नोंद करताना बोलीरूप व प्रमाणरूप दोन्ही लिहावे. बोलीरूप ‘शुद्ध’ करून लिहिल्यास ध्वनिनियमाचा पुरावाच नष्ट होतो.

५.३.५ क्रियापदांचा विचार

शिवणकामातील क्रियापदे व्याकरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. पुढील जोड्या पाहा :

फाटणे – फाडणे
तुटणे – तोडणे
सुटणे – सोडणे

पहिले रूप अकर्मक, दुसरे सकर्मक. कापड फाटते, दोरा तुटतो, गाठ सुटते; या घटना कर्त्याशिवाय घडू शकतात. कोणी मुद्दाम केल्या तर फाडणे, तोडणे, सोडणे ही सकर्मक रूपे येतात. आता शिवणे, ओवणे, टाचणे ही क्रियापदे घ्या. त्यांना अशी अकर्मक जोडी नाही. कापड आपोआप फाटते, पण आपोआप शिवले जात नाही. बिघडण्याच्या क्रियांना कर्त्यावाचूनचे रूप आहे. घडवण्याच्या या क्रियांना मात्र कोणाचा तरी हात लागतोच, आणि भाषेने त्याची नोंद ठेवली आहे. हा सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे. ‘जुळणे – जुळवणे’ अशी उदाहरणेही सापडतात. तरीही हा कल विचार करण्याजोगा आहे.

‘उसवणे’ हे क्रियापद या दोहोंच्या मध्ये उभे आहे. ‘शिवण उसवली’ आणि ‘काकूने शिवण उसवली’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. पहिल्यात ते अकर्मक, दुसऱ्यात सकर्मक. एकच रूप दोन्ही प्रकारे चालते अशा क्रियापदांना उभयविध क्रियापदे म्हणतात. शिवण जीर्ण होऊन सुटते तेही उसवणे आणि नव्याने शिवण्यासाठी आपण ती सोडवतो तेही उसवणेच.

५.३.६ ‘असं नाई, असं’ : दर्शकांचे कार्य

माझ्या वहीतील सर्वांत अडचणीचे वाक्य होते : “असं नाई, असं.” ते काकू दिवसातून अनेकदा म्हणत असे. कागदावर त्याचा अर्थ शून्य आहे. पहिले ‘असं’ म्हणजे माझा हात, दुसरे ‘असं’ म्हणजे तिचा हात. असा, इथून, एवढा, तिकडे या शब्दांचा अर्थ बोलण्याच्या प्रसंगावाचून पूर्ण होत नाही. त्यांना आपण दर्शक शब्द म्हणतो. कला शिकवताना होणाऱ्या बोलण्यात त्यांचे प्रमाण फार मोठे असते.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मधील आपल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाची संकल्पना मांडली. माणसाला जे करता येते ते सर्व त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही, असा तिचा आशय आहे. दर्शक शब्द म्हणजे या अव्यक्त ज्ञानाकडे बोट दाखवण्याची भाषेची सोय होय. म्हणून क्षेत्रकार्यात केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे नाही. ‘असं’ उच्चारले तेव्हा हात कोठे होता, सुई कोणत्या कोनात होती, कापड कसे धरले होते, हे शेजारी लिहून ठेवावे. ते लिहिता येण्यासाठी कामाची थोडी तरी ओळख अभ्यासकाला असावी लागते.

५.३.७ कामातून भाषेत आलेले अर्थ

हस्तकलेचे शब्द कामापुरते मर्यादित राहत नाहीत. लक्षणेने ते सर्व व्यवहारात पसरतात. नाते उसवते, मैत्रीची वीण घट्ट होते, दोघांचे सूत जुळते, तपासात धागेदोरे हाती लागतात, कोणी सुतावरून स्वर्ग गाठतो. ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार?’ हा प्रश्न ठिगळ लावण्याचे कष्ट ज्यांना ठाऊक होते त्यांनीच प्रथम विचारला असणार. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तर अंथरूण घरीच शिवले जात असे त्या काळात अधिक नेमकी वाटली असेल. कारण अंथरुणाची लांबी म्हणजे घरातल्या लुगड्याची लांबी. शब्दाचा मूळ अनुभव नाहीसा झाला तरी लाक्षणिक अर्थ काही काळ टिकतो. मात्र तो हळूहळू ठरावीक होतो आणि त्यातील चित्र पुसट होते.

५.३.८ शब्द का नाहीसे होतात?

बुलढाणा जिल्हा कापूस पिकवणारा आहे आणि खामगावची कापसाची बाजारपेठ जुनी आहे. तरीही घरोघरी नेसल्या जाणाऱ्या साड्या आता बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात. असे कापड निसरडे असते. थर एकमेकांवर ठरत नाहीत, घाम शोषला जात नाही आणि धुण्यागणिक सुती कापडाला जो मऊपणा येतो तो येत नाही. विकतचे ब्लँकेट सहज मिळते. लुगडे विरले म्हणून त्याला दंड घालण्याची वेळ आता क्वचित येते. वस्तू गेली की क्रिया जाते, क्रिया गेली की शब्दाला बोलावणे येत नाही.

त्र्यं. ना. आत्रे यांनी ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथात खेड्यातील व्यवसायांचे आणि त्यांच्या परिभाषेचे दर्शन घडवले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२-१९३८) व्यवसायांतील व बोलींतील असंख्य शब्द जतन केले. हे कार्य थोर आहे. पण कोशात शब्द उरतो तेव्हा त्याच्यामागील हाताची हालचाल उरेलच असे नाही.

त्या तीन आठवड्यांत माझ्या वहीतील चौदा शब्दांचे त्रेचाळीस झाले. बहुतेक शब्द माझ्या चुकीमुळे किंवा घरातील एखाद्या लहानशा घटनेमुळे आले. जी चूक माझ्या हातून झाली नाही, तिचा शब्द मला मिळाला नाही. गोधडी मध्यभागी येऊन पूर्ण होते, तेथे शेवटचे टाके कसे मिटवतात आणि त्याला काय म्हणतात, हे मला विचारायचे होते. पण ती वेळ येण्यापूर्वी सुटी संपली. उरलेले काम पुढच्या उन्हाळ्यात करू, असे ठरले. पुढच्या उन्हाळ्यात काकू नव्हती. मध्यभागी वीतभर जागा अजून तशीच आहे. ती मला शिवता येईल. पण तिने ती कशी शिवली असती आणि शिवताना काय म्हटले असते, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘उसवणे’ हे उभयविध क्रियापद आहे, हे दोन वाक्यांच्या आधारे दाखवा.
(आ) क्षेत्रकार्यात केवळ ध्वनिमुद्रण का पुरेसे नसते?

५.४ सारांश

हस्तकलेची स्वतःची शब्दसंपत्ती असते. तिच्यात परंपरागत, परभाषेतून आलेले व बोलीतील असे विविध स्तर आढळतात. कला शिकण्याच्या पायऱ्या आणि तिचे शब्द आत्मसात करण्याच्या पायऱ्या बहुतांशी एकच असतात. गोधडीसारखी घरगुती कला रोजच्या व्यवहारात शिकली जाते. व्यत्ययांना सामावून घेणे हे तिच्या तंत्रातच असते. शिवणकामातील क्रियापदे सकर्मक-अकर्मक संबंधांवर प्रकाश टाकतात, तर दर्शक शब्द अव्यक्त ज्ञानाकडे निर्देश करतात. साधने व वस्तू बदलल्या की शब्द लोप पावतात. म्हणून शब्दसंकलन करणाऱ्याने विचारण्याबरोबर काम करणेही आवश्यक आहे.

५.५ कठीण शब्दांचे अर्थ

जुनेर – वापरून जीर्ण झालेले वस्त्र
दंड – विरलेला भाग कापून वस्त्राचे दोन तुकडे जोडणारी शिवण
नेढे – सुईचे छिद्र
टाचणे – कच्च्या टाक्यांनी थर तात्पुरते जोडणे
धावदोरा – एका ओळीत पुढे पुढे जाणारा साधा टाका
चुणी – कापड आक्रसून पडलेली सुरकुती
झोळ – कापड सैल राहिल्याने आलेला लोंबता भाग
अंगुस्तान – शिवताना बोटात घालायची टोपी

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळा – डोया, काळा – काया. (आ) प्रश्न विचारणाऱ्याला ती वस्तू अस्तित्वात असल्याचेच ठाऊक नव्हते. लुगडे उसवताना ती प्रत्यक्ष दिसली तेव्हा शब्दाची गरज निर्माण झाली.

प्रश्न २ : (अ) ‘शिवण उसवली’ (अकर्मक), ‘काकूने शिवण उसवली’ (सकर्मक). रूप एकच, कार्य दोन. (आ) दर्शक शब्दांचा अर्थ हाताच्या हालचालीवर अवलंबून असतो व ती ध्वनिमुद्रणात येत नाही.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘कामाच्या पायऱ्या आणि शब्दांच्या पायऱ्या एकच असतात’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. शिवणकामातील क्रियापदांच्या आधारे सकर्मक-अकर्मक जोड्यांचे विवेचन करा.
३. टीप लिहा : (अ) दर्शक शब्द व अव्यक्त ज्ञान (आ) वर्धा शिक्षण परिषद, १९३७ (इ) हस्तकलेतून आलेले वाक्प्रचार

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एखादे हस्तकाम शिका : गोधडी, दोरी वळणे, टोपली विणणे, चूल घालणे, यांपैकी कोणतेही. पहिल्या दिवशी प्रश्न विचारून मिळालेले शब्द एका पानावर लिहा. त्यानंतर किमान आठ दिवस प्रत्यक्ष काम करा आणि नवीन मिळालेला प्रत्येक शब्द दुसऱ्या पानावर, तो कोणत्या प्रसंगी मिळाला याच्या नोंदीसह लिहा. दोन्ही पानांची तुलना करून दीड पानी अहवाल सादर करा. काम पूर्ण झाले नाही तरी चालेल. मात्र त्याचा शेवट कसा करतात, हे पहिल्याच आठवड्यात पाहून आणि विचारून ठेवा.